छपराला भोक पाडण्याआधी

अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यात, कॅलिफोर्नियाच्या हद्दीपासून तीसेक किलोमीटर अलीकडे, क्वार्टझसाइट नावाचे वाळवंटी गाव आहे. कायमची वस्ती अडीच हजारांच्या आसपास. उन्हाळ्यात पारा सहज चाळिशी ओलांडतो आणि रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. थंडी पडली की मात्र कॅनडातून आणि उत्तरेकडच्या बर्फाळ राज्यांतून चाकांवरची घरे इकडे वळू लागतात. जानेवारीत इथे या वाहनांचे प्रदर्शन भरते, तेव्हा गावाभोवतीचे माळरान पांढऱ्या ठिपक्यांनी भरून जाते. त्यात मोटारहोम असतात, व्हॅन असतात आणि मोठ्या संख्येने असतात ते ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे पिकअप ट्रकच्या मागे जोडून ओढत न्यायची, स्वतःचे इंजिन नसलेली घरे.

गावालगतची बरीच जमीन केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन खात्याकडे आहे. या खात्याने १९८३ पासून काही पट्टे दीर्घ मुक्कामासाठी राखून ठेवले. क्वार्टझसाइटजवळचा ला पोसा हा त्यांतला सर्वांत गजबजलेला. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल हा हंगाम. एकदा परवाना काढला की सातही महिने मुक्काम ठोकता येतो. पाणी भरून घेता येते, सांडपाणी रिकामे करता येते, कचरा टाकता येतो. विजेचे कनेक्शन मात्र कोणालाच मिळत नाही. रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळायची असा नियम असल्याने जनरेटरही तेव्हाच बंद ठेवावा लागतो, जेव्हा थंडीमुळे हीटर सर्वांत जास्त चालतो. म्हणूनच इथे टेकाडावर उभे राहून खाली पाहिले तर छपरामागून छपरावर काळे-निळे सोलर पॅनल चमकताना दिसतात.

पाहणाऱ्याला वाटते, पॅनल चढवले की वीज आली. प्रत्यक्षात पॅनल हा या उद्योगातला सर्वांत सोपा आणि आता सर्वांत स्वस्तही भाग आहे. १०० वॉटचे पॅनल अमेरिकेत शंभर डॉलरच्या आत-बाहेर मिळते. कस लागतो तो हिशेबात आणि छपरात. आपण रोज किती वीज खातो हे स्वतःशी खोटे न बोलता मोजावे लागते, आणि जे छप्पर पाणी अडवण्यासाठीच बांधले आहे त्याला आपल्या हाताने भोके पाडूनही ते कोरडे ठेवावे लागते. बहुतेक जण याच्या बरोबर उलट क्रमाने जातात: आधी सवलतीत मिळाले म्हणून पॅनल घेतात, मग ते मावेल अशी जागा छपरावर शोधतात आणि शेवटी, पहिल्याच गारठ्याच्या रात्री, बॅटरीचा विचार करू लागतात.

खरे तर वीजवाहिनीपासून दूर असलेल्या जागा हेच सौर विजेचे माहेर. २५ एप्रिल १९५४ रोजी अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेने डॅरिल चेपिन, कॅल्विन फुलर आणि जेराल्ड पिअर्सन यांनी घडवलेला सिलिकॉनचा सोलर सेल जगापुढे आणला. पडलेल्या उन्हापैकी सुमारे ६ टक्क्यांचीच तो वीज करी. चार वर्षांनी, १९५८ मध्ये, व्हॅनगार्ड १ हा उपग्रह सोलर सेल घेऊन अंतराळात गेला आणि त्याचा रेडिओ १९६४ पर्यंत बोलत राहिला. पण त्या काळी एका वॉटला शंभर डॉलरच्या घरात खर्च येई. १९७३ मध्ये इलियट बर्मन यांच्या कंपनीने तो वीस डॉलरपर्यंत खाली आणला, तेव्हा गिऱ्हाईक मिळाले ते समुद्रातले दिशादर्शक दिवे आणि तेलविहिरींचे फलाट. शहरातली घरे फार नंतर आली. ट्रेलरवाल्यांनी पॅनल उचलले ते याच जुन्या परंपरेत बसणारे आहे.

ट्रेलरमध्ये विजेचे दोन वेगळे संसार नांदत असतात. कॅम्पग्राउंडवर खांबाला वायर जोडली की १२० व्होल्टचा एसी प्रवाह आत येतो. त्यावर एअर कंडिशनर, मायक्रोवेव्ह आणि भिंतीतले सॉकेट चालतात. दुसरा संसार बॅटरीचा, १२ व्होल्टचा: दिवे, पाण्याचा पंप, छपरातला पंखा, हीटरचा ब्लोअर, गॅस गळतीची सूचना देणारे यंत्र. खांब असला की कन्व्हर्टर नावाची पेटी १२० व्होल्टवरून बॅटरी भरत राहते. खांब सुटला की सगळा भार बॅटरीवर. ओढणाऱ्या ट्रकमधून जोडणीच्या तारेने थोडा प्रवाह येतो, पण तार लांब आणि बारीक असल्याने तो अगदी तुटपुंजा असतो.

पुण्यात किंवा नाशकात बंगल्याच्या गच्चीवर सोलर बसवणाऱ्याचा हिशेब चुकला तरी बिघडत नाही. दुपारची जास्तीची वीज महावितरणकडे जाते, रात्रीची त्यांच्याकडून येते आणि महिनाअखेरीस मीटर वजाबाकी करून देतो. वाळवंटातल्या ट्रेलरला असा पाठीराखा नसतो. दुपारी एकला बॅटरी भरली की पुढचे सगळे ऊन वाया जाते, आणि पहाटे चारला ती संपली की घर थंड पडते.

तेव्हा हिशेबाला बसावे. हिवाळ्यात क्वार्टझसाइटला उतरलेले एक जोडपे धरू. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर असलेला फ्रिज दिवसाला सुमारे ७०० वॉट-तास घेतो. एलईडी दिव्यांना १०० पुरतात. पाण्याचा पंप चालतो तेव्हा जोरात वीज खातो, पण मोजून काही मिनिटेच. त्याला २० धरले तरी खूप. दोन फोन आणि एक लॅपटॉप, २५०. हीटर गॅसवर चालत असला तरी गरम हवा खोलीत ढकलणारा ब्लोअर ९० वॉटच्या आसपास खातो. थंड रात्री तो थांबत-चालत एकूण पाच तास फिरला की ४५० वॉट-तास गेले. शिवाय कोणीही बटण न दाबता सतत चालू असणारी मंडळी असतात: गॅसचे सूचक यंत्र, रेडिओवरचे घड्याळ, नियंत्रणाची सर्किटे. पाच-सात वॉट म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. चोवीस तासांत मात्र ती दीडशे वॉट-तास फस्त करतात. बेरीज १,६७० वॉट-तास. घरच्या वीजबिलाच्या भाषेत पावणेदोन युनिटांपेक्षा थोडे कमी.

आकडा लहान दिसतो. पण छपरावरचा १३,५०० बीटीयूचा एअर कंडिशनर दीड हजार वॉटच्या घरात वीज ओढतो, म्हणजे तो तासभर लावला की जवळजवळ पूर्ण दिवसाची शिधासामग्री संपली. ‘सोलर लावले तर एसी चालेल ना?’ हा प्रत्येक नवख्याचा पहिला प्रश्न असतो. चालेल, मात्र छप्पर पॅनलने पूर्ण झाकून, काही हजार डॉलरच्या बॅटऱ्या घालून, आणि तोही थोडा वेळच. म्हणून उकाड्यात जाणकार लोक ट्रेलर डोंगरावर नेतात. हजार मीटर वर गेले की तापमान साडेसहा अंशांच्या आसपास उतरते, तेही फुकट.

आता साठा. नव्या ट्रेलरबरोबर बहुधा विक्रेता शिसे-आम्लाची एक साधी बॅटरी जोडून देतो. साधारण ८० अ‍ॅम्पिअर-तासांची ही बॅटरी कागदोपत्री साडेनऊशे वॉट-तास साठवते. पण शिशाची बॅटरी अर्ध्याच्या खाली वारंवार उतरवली की लवकर मरते, म्हणजे हाताशी राहतात पावणेपाचशे. वरच्या हिशेबातला एकटा ब्लोअर रात्रभरात ती जवळजवळ रिकामी करतो. पॅनल कितीही लावा, रात्री सूर्य नसतो आणि साठाच एवढा असेल तर सकाळी कुडकुडणे ठरलेले. त्यामुळे पैसे मोजकेच असतील तर आधी बॅटरी बदलावी आणि पॅनल नंतर घ्यावे, हा सल्ला रुक्ष वाटला तरी तोच खरा आहे.

बदल म्हणजे आजकाल लिथियम आयर्न फॉस्फेट. या पदार्थाचा बॅटरीतला उपयोग टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत दाखवला गेला. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक होते अक्षय पाढी. गुडइनफ यांना पुढे २०१९ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, लिथियम बॅटऱ्यांवरील कामासाठी रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. या प्रकारची १०० अ‍ॅम्पिअर-तासांची बॅटरी १,२८० वॉट-तास साठवते, त्यातले जवळजवळ सगळे वापरू देते आणि वजनाला शिशाच्या बॅटरीपेक्षा बरीच हलकी असते. मोबाईलमधल्या काही लिथियम बॅटऱ्यांसारखी ती सहज पेट घेत नाही, हे झोपायच्या खोलीखाली ठेवायच्या वस्तूबाबत महत्त्वाचे. तिचा एक नखरा मात्र सांभाळावा लागतो. तापमान शून्य अंश सेल्सिअसच्या खाली गेले की तिला चार्ज करायचे नसते. केले तर आत धातुरूप लिथियमचा थर जमून ती कायमची बिघडते. वाळवंटातली पहाटही गोठणबिंदूपर्यंत जाऊ शकते. म्हणून बॅटरी ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावरच्या उघड्या पेटीतून काढून आत, पलंगाखाली हलवतात, किंवा थंडीत चार्जिंग आपोआप तोडणारी बॅटरी घेतात. शिशाच्या बॅटरीसाठी बनवलेला जुना कन्व्हर्टरही तिला पूर्ण भरू शकत नाही, तोही बहुधा बदलावा लागतो.

एवढे झाल्यावर पॅनलची पाळी. पॅनलवर छापलेले वॉट हे प्रयोगशाळेतले असतात: प्रति चौरस मीटर १,००० वॉट ऊन आणि सेलचे तापमान २५ अंश. डिसेंबरात दक्षिण अ‍ॅरिझोनात आडव्या पृष्ठभागावर दिवसभरात पडणारे ऊन अशा पूर्ण उन्हाच्या जेमतेम तीन तासांइतके भरते. उष्णता, धूळ, तारा, रूपांतर यांत पाव भाग गेला असे धरले तर ४०० वॉटच्या पॅनलकडून ९०० वॉट-तास मिळतील. आपल्याला हवे होते १,६७०.

कमतरतेचे कारण सूर्याच्या उंचीत आहे. क्वार्टझसाइट साडेतेहतीस अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित वर आहे. २१ डिसेंबरच्या भर दुपारी तिथे सूर्य क्षितिजापासून फक्त ३३ अंश वर येतो. छपरावर सपाट पडलेल्या पॅनलला थेट किरणांपैकी ५४ टक्केच सापडतात. तेच पॅनल एका कडेने उचलून दक्षिणेकडे तिरके केले की दुपारचा झोत जवळपास दुप्पट होतो. म्हणून लांब मुक्काम करणारे लोक पॅनलच्या एका बाजूला बिजागऱ्या आणि दुसऱ्या बाजूला अ‍ॅल्युमिनियमचे पाय लावतात. ट्रेलर लावतानाच त्याची लांब बाजू दक्षिणेकडे करतात. डिसेंबरात तिरक्या पॅनलला दिवसाला पाच तासांच्या आसपास पूर्ण ऊन मिळते, म्हणजे ४०० वॉटमधून दीड हजार वॉट-तास. हिशेबाच्या अगदी जवळ. मोल एकच: शिडीवर चढणे, आणि निघताना ते पाय मिटायला न विसरणे. तिरकी पॅनल घेऊन महामार्गावर गेलेल्या ट्रेलरची पॅनल नंतर मागच्या गाडीवाल्याला सापडतात. ज्यांना शिडी नको, ते सरळ आणखी दोन-चार पॅनल लावून सपाटच ठेवतात. साठी-सत्तरीच्या प्रवाशासाठी हाच पर्याय शहाणपणाचा. हाडांच्या डॉक्टरपेक्षा पॅनल स्वस्त.

मुंबईच्या अक्षांशावर ही अडचण एवढी बोचत नाही. तिथे डिसेंबरातही दुपारचा सूर्य साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो आणि सपाट पॅनलला थेट किरणांचा तीनचतुर्थांश वाटा मिळतो. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हापासून इकडेही अशा गाड्यांची चर्चा आहे. कोकणात खरी अडचण उलट्या टोकाची: सूर्य डोक्यावर येतो नेमका पावसाळ्याच्या तोंडावर, आणि त्यानंतर महिनोन्‌महिने ढगांआड दडतो.

मग येते छप्पर. लांबून ते भक्कम वाटते. बऱ्याच ट्रेलरच्या छपरात पातळ प्लायवूड, त्यावर ईपीडीएम रबराचे किंवा टीपीओ प्लास्टिकचे एक अखंड कातडे, आणि खाली फूट-दोन फूट अंतरावर आडव्या पट्ट्या, एवढाच ऐवज असतो. काही फायबरग्लासची असतात. एअरस्ट्रीम या जुन्या नामांकित ट्रेलरची अ‍ॅल्युमिनियमची आणि गोलाईची. चालताना वजन पट्ट्यांवर द्यावे लागते, नाहीतर प्लायवूड दबते. ट्रेलरला मारणारी गोष्ट अपघात नसून बहुधा पाणी असते. सुईएवढ्या फटीतून झिरपलेले पाणी प्लायवूडमध्ये पसरते, आत बुरशी धरते आणि छताला डाग दिसेपर्यंत लाकूड कुजलेले असते. त्यामुळे ड्रिल हातात घेणाऱ्याचा हात थरथरला तर त्याला भित्रा म्हणू नये.

रीत अशी. पॅनल आधी छपरावर नुसती मांडून पाहायची. कोणत्या वेळी एसीच्या पेटीची, पंख्याच्या झाकणाची, अँटेनाची सावली कुठे पडते ते बघायचे. चालायला आणि जुने सांधे पुन्हा भरायला वाट ठेवायची. मग इंग्रजी झेड अक्षराच्या आकाराच्या पट्ट्या पॅनलला लावायच्या. त्यांनी पॅनल छपरापासून दोन-तीन सेंटिमीटर वर राहते आणि खालून हवा खेळते. जिथे पाय टेकणार ती जागा घासून पुसायची. ईपीडीएमवर पेट्रोलजन्य द्रावण वापरायचे नाही, रबर फुगते. पायाखाली ब्यूटाइल टेपचा चिकट तुकडा, त्यातून शक्यतो आडव्या पट्टीत जाणारा स्टेनलेस स्क्रू, आणि वरून सगळे बुडेल इतके सीलंट. सपाट छपरासाठी मिळणारे सीलंट ओतले की स्वतःच पसरून बसते. डायकोर कंपनीचे असे सीलंट या लोकांत इतके रुळलेले आहे की सगळ्याच सीलंटला ते डायकोर म्हणतात. घरात उरलेले साधे सिलिकॉन फासण्याचा मोह आवरावा. ते ईपीडीएमवर नीट धरत नाही, आणि पुढे योग्य सीलंट लावायचे म्हटले तर त्यालाही चिकटू देत नाही.

भोकेच नकोत म्हणून फक्त चिकटपट्टीवर भिस्त ठेवणारेही आहेत. फायबरग्लास किंवा धातूच्या छपरावर उद्योगांत वापरली जाणारी जाड दुहेरी चिकटपट्टी खरोखर विलक्षण धरते. रबराच्या छपरावर मात्र पट्टी रबराला धरते. रबराने प्लायवूडला किती धरले आहे ते कोणी पाहिलेले नसते. ताशी १०५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या ट्रेलरवर हवेचा दाब प्रति चौरस मीटर सुमारे ५० किलो वजनाइतका पडतो. समोरून ताशी ५० किलोमीटरचा वारा आला की तो दुपटीहून अधिक, कारण दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. घराच्या छपरासाठी बनलेले ४०० वॉटचे एक मोठे पॅनल जवळपास दोन चौरस मीटरचे असते. त्याच्या पुढच्या कडेखाली वारा शिरला तर उचलणारा जोर वाईट दिवशी दोनशे किलोपर्यंत जाऊ शकतो. हे ढोबळ गणित झाले, प्रत्यक्षातली उचल पॅनलच्या बैठकीवर ठरते. तरी रबरावर चार चिकटपट्ट्या लावून निश्चिंत होण्याआधी ते एकदा मांडून पाहावे. काही जण पुढच्या पॅनलसमोर वारा वरून वळवणारी पट्टी लावतात, ती उगीच नाही.

वाकणाऱ्या पातळ पॅनलची जाहिरात इथेच भुलवते. वजन नाममात्र, भोके नाहीत, एअरस्ट्रीमच्या गोलाईवर सुरेख बसतात. पण छपराला चिकटून असल्याने त्यांना खालून हवा मिळत नाही. सिलिकॉनचे पॅनल तापले की वीज घटते, दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के, आणि वाळवंटातल्या दुपारी चिकटलेले पॅनल सहज सत्तरीच्या पुढे तापते. सतत तापून-गार होऊन त्यांचे थर सुटतात, सेलना तडे जातात. काचेची कडक पॅनल पंचवीस वर्षांच्या हमीने विकली जातात, यांची हमी बहुधा तिच्या पासंगालाही पुरत नाही. गोलाईशिवाय दुसरे कारण नसेल तर काचच घ्यावी.

छपरावरून तार खाली आणायला जुन्या ट्रेलरमध्ये तयार वाट असते: गॅसवर चालणाऱ्या फ्रिजची हवा बाहेर सोडणारे छपरावरचे झाकण. त्यातून तार सोडली की एक भोक वाचते. नव्या ट्रेलरमधल्या कॉम्प्रेसर फ्रिजला अशी चिमणी लागतच नाही, तेव्हा तारेसाठी वेगळे झाकण बसवून भोक पाडावे लागते.

तार किती जाड हवी, हे पॅनल कशी जोडली यावर ठरते. १०० वॉटची चार पॅनल घेऊ. प्रत्येकातून १८ व्होल्टला साडेपाच अ‍ॅम्पिअर मिळतात. चारही समांतर जोडली तर व्होल्ट १८ च राहतात, प्रवाह २२ अ‍ॅम्पिअर होतो. छपरावरून बॅटरीपर्यंत सहा मीटर, म्हणजे जाऊन-येऊन बारा मीटर, अमेरिकेत सर्रास वापरली जाणारी दहा नंबरची तार घातली तर तिच्यातच १९ वॉट उष्णतेत जातात. तीच पॅनल एकामागोमाग एक, सिरीजमध्ये जोडली की ७२ व्होल्ट आणि साडेपाच अ‍ॅम्पिअर. तारेतला तोटा सव्वा वॉटहून कमी. तार तीच, अंतर तेच, तोटा सोळापट कमी.

मग सगळे सिरीजच का जोडत नाहीत? सावलीमुळे. दिवाळीच्या जुन्या माळेतला एक दिवा गेला की अख्खी माळ विझायची; सिरीजमधल्या सेलचे तसेच. एका सेलवर झाडाची फांदी आडवी आली तरी साऱ्या ओळीचा प्रवाह अडतो. यावर उपाय म्हणून पॅनलच्या मागच्या डबीत बायपास डायोड असतात, घरगुती मोठ्या पॅनलमध्ये बहुधा तीन. सावलीतला भाग ओलांडून ते प्रवाहाला वाट देतात, पण त्या भागाची वीज जातेच. उघड्या माळरानावर राहणाऱ्याने सिरीज घ्यावी, झाडीत राहणाऱ्याने समांतर. दोन्हीचे थोडेथोडे हवे असेल तर दोन-दोनच्या जोड्या करून त्या समांतर जोडतात. तीन किंवा अधिक ओळी समांतर असतील तर प्रत्येकीला फ्यूज हवाच. एक ओळ बिघडली तर बाकीच्या सगळ्या आपला प्रवाह तिच्यात ओततात आणि छपरावर जाळ होऊ शकतो.

पॅनल आणि बॅटरी यांच्यामध्ये बसतो चार्ज कंट्रोलर. स्वस्त, पीडब्ल्यूएम प्रकारचा कंट्रोलर पॅनलला बॅटरीच्या व्होल्टवर खेचतो: १८ व्होल्टचे पॅनल १३ वर आले, अ‍ॅम्पिअर साडेपाचच राहिले, १०० वॉटचे ७२ झाले. एमपीपीटी प्रकारचा कंट्रोलर जास्तीच्या व्होल्टचे रूपांतर अ‍ॅम्पिअरमध्ये करतो आणि बहुतेक वीज वाचवतो. सिरीज जोडणीला तोच लागतो. त्याच्यावर व्होल्टची एक मर्यादा छापलेली असते, आणि इथे थंडी अनपेक्षित वार करते. उष्णतेने पॅनलचे व्होल्ट घटतात, तसे गारठ्याने वाढतात. भार नसताना १०० वॉटचे पॅनल २५ अंशांना २२ व्होल्ट दाखवते. चार सिरीजमध्ये ८८. मर्यादा १०० व्होल्टची, म्हणून मालक निर्धास्त. पण उणे १० अंशांच्या स्वच्छ सकाळी तेच व्होल्ट ९७ वर जातात, उणे २० ला थेट शंभरावर. अ‍ॅरिझोनात सुरळीत चाललेला कंट्रोलर मोंटानातल्या पहिल्या हिवाळ्यात जळाला तर दोष त्याचा नसतो. जोडणीचा क्रमही ठरलेला आहे: कंट्रोलरला आधी बॅटरी, नंतर पॅनल, काढताना उलट.

इन्व्हर्टर बॅटरीच्या १२ व्होल्टपासून १२० व्होल्ट बनवतो. मायक्रोवेव्हसाठी २,००० वॉटचा इन्व्हर्टर घेतला तर पूर्ण भाराला बॅटरीतून १६७ अ‍ॅम्पिअर निघतात, आणि रूपांतरातला तोटा धरला तर आणखी. एवढ्या प्रवाहाला अंगठ्याएवढी जाड, शक्य तितकी आखूड केबल लागते आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी स्वतः वीज खात बसतो. आणखी एक गंमत नेहमी घडते. इन्व्हर्टरची वीज थेट ट्रेलरच्या १२० व्होल्टच्या जाळ्याला दिली आणि कन्व्हर्टर बंद करायचा राहिला की बॅटरीची वीज इन्व्हर्टरमधून कन्व्हर्टरकडे आणि तिथून पुन्हा बॅटरीकडे फिरू लागते. प्रत्येक फेरीत थोडी उष्णतेत जाते. रात्री काहीच न लावता सकाळी बॅटरी रिकामी कशी, याचे उत्तर अनेकदा हेच असते.

हल्ली कारखान्यातूनच एखादे पॅनल बसवून किंवा ‘सोलर रेडी’ अशी पाटी लावून ट्रेलर विकले जातात. पाटीचा अर्थ काही वेळा इतकाच असतो की बाहेरच्या भिंतीवर एक सॉकेट आहे आणि आतून त्याची तार बॅटरीकडे जाते. त्या सॉकेटचे धन-ऋण सगळे उत्पादक एकाच बाजूला ठेवत नाहीत. जमिनीवर ठेवायचे पॅनल त्यात खुपसण्याआधी मल्टिमीटर लावून पाहिलेले बरे.

हे जमिनीवरचे पॅनल छपराचे वैरी नव्हे, जोडीदार आहे. उन्हाळ्यात ट्रेलर झाडाखाली लावावा तर छपरावरचे पॅनल आंधळे होते, उन्हात लावावा तर आत बसवत नाही. अशा वेळी घडीचे पॅनल दहा मीटर तारेवर उन्हात मांडून ट्रेलर सावलीत ठेवता येतो. ते सूर्यामागे फिरवता येते. वाऱ्यात उडू नये आणि चोरीला जाऊ नये म्हणून त्याला साखळी मात्र लागते.

बसवून झाल्यावर पहिल्या शे-दीडशे किलोमीटरनंतर थांबून स्क्रू तपासावेत. वर्षातून दोनदा सीलंटला भेगा पडल्या आहेत का ते पाहावे, धूळ साध्या पाण्याने धुवावी. बॅटरीत किती उरले ते व्होल्टवरून ओळखण्याची जुनी सवय लिथियमच्या बाबतीत फसवते, कारण तिचे व्होल्ट शेवटपर्यंत जवळजवळ सारखे राहून मग एकदम कोसळतात. तिथे आत गेलेला आणि बाहेर आलेला प्रत्येक अ‍ॅम्पिअर मोजणारा मॉनिटर लावावा लागतो. आणि कधी ट्रेलर विकायची वेळ आली तर पॅनल उपटून नेण्याच्या फंदात पडू नये. प्रत्येक पायाखाली भोके उरतात, ती बुजवल्याचे ठिगळ पाहून गिऱ्हाईक किंमत पाडते, आणि तोवर नवे पॅनल आणखी स्वस्त झालेले असते. बॅटऱ्या, मॉनिटर आणि कंट्रोलर मात्र चार स्क्रूंत सुटतात. ते काढून पुढच्या ट्रेलरला लावावेत.